सत्त्व

एकाच शेतातला कसावा, एकाच सकाळी उपटलेला.
पोत्यांवर मी खडूने लिहिलं: अ, ब, क.

'अ'चं सत्त्व काढायचं आणि लगेच भट्टीत, चाळीस अंशांवर.
'ब' आंबवायचा, पण वाळवायचा भट्टीतच.
'क' लुडिव्हियाबाई म्हणतील तसा.

लुडिव्हियाबाई काही म्हणत नाहीत.
काउकाच्या या डोंगरउतारावर पहाटे चारला
त्या खिसणीच्या पिंपावर पट्टा चढवतात,
कंद किंचाळतात, आणि एक कडवट वास सुटतो.
'जाऊ द्यायचा तो,' म्हणाल्या पहिल्या दिवशी,
'धरून ठेवला तर माणूस जातो.'
त्या दिवसापुरतं एवढंच.

मग पाणी. मग कापड. पुन्हा पाणी.
चोथा डुकरांना, दूध पन्हळीत.
पन्हळ सपाट दिसते, पण बोटभर उतार आहे तिला,
एफ्राइनने, त्यांच्या नवऱ्याने,
अर्धी भरलेली बाटली आडवी धरून काढलेला.
एफ्राइन नाही आता. उतार आहे.

त्यावरून पाणी इतकं सावकाश जातं
की पांढरं खाली बसतं,
वर राखाडी साय धरते. तिला इथे 'डाग' म्हणतात.
बाई करवंटीने खरवडून काढतात.
मी एकदा थोडा राहू दिला, मोजायचा म्हणून.
तो घाणा मळकट निघाला.
त्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी करवंटी माझ्या हातात दिली.

मग टाकी. लाकडी, काळी, आतून आंबट.
वर वीतभर पाणी, आणि पंचवीस दिवस
कुणी काही करायचं नाही.
हेच मला सगळ्यात जड गेलं.
रोज झाकण उचलायची, आम्लता मोजायची,
झाकण ठेवायची, पुन्हा उचलायची.

कालीला नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं:
'अ'चे कण गुळगुळीत, ओढ्यातल्या गोट्यांसारखे.
'क'च्या कणांना बारीक भोकं,
कुणी रात्रभर कुरतडल्यासारखी.
वहीत लिहिलं: हानी.
मग खोडलं. दुसरा शब्द मिळाला नाही,
जागा कोरी ठेवली.

सव्विसाव्या दिवशी उतारावर काळं प्लास्टिक अंथरलं.
बाई, त्यांचा नातू येइसन, शेजारचे ओटोनिएल
अनवाणी पायांनी ढेकळं फोडत फिरत राहिले.
ढग आला की शिट्टी,
कडा गोळा करायची धावपळ, पोटऱ्यांपर्यंत पांढरे पाय.
भट्टीला ढग ठाऊक नसतो.
हा तिचा गुण म्हणून मी अहवालात घालणार होते.

शनिवारी चीज घालून तिन्हींची कडी वळली.
यीस्ट नाही, सोडा नाही.
'अ' बसला. दगड.
'ब' जरासा उठला, दचकल्यासारखा, आणि विसरला.
'क' फुगला, फुगतच राहिला,
पोकळ, हलका, पाठीवर तडकलेला.
मी मोजपट्टी शोधत होते,
ग्रॅममागे किती घन सेंटिमीटर,
तोवर येइसनने नमुना खाल्ला होता.

आकडे पुढच्या शनिवारी घेतले.
आंबणं कण पोखरतं, ऊन साखळ्या तोडतं.
एकट्याने कुणाचंच भागत नाही.
आणि मी इतकी वर्षं शिकवत आले
की सत्त्व कंदात असतंच,
आपण फक्त काढून घेतो.

निघायच्या सकाळी ओढ्याखालच्या वस्तीवरून
सेनाइदा नावाची बाई चढून आली.
तिला लुडिव्हियाबाईंनी कॉफी दिली, स्टूल दिलं,
आणि स्वतः उभ्याच राहिल्या.
तिने पिशवीतून बाटली काढली.
पिवळट पाणी, वर फेस, तोच टाकीतला वास.
'ह्यात कपडे धुतो आम्ही,' म्हणाली.
'तुम्ही मोजता ना? मग हेही मोजा.'

खडूचा शेवटचा तुकडा ओला झाला होता.
तरी घासून घासून उमटवलं
बाटलीच्या काचेवर: ड.